बोटीचा बेस

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मल्लेशच्या वर्कशॉपला पाटी नव्हती आणि तिची गरजही कधी पडली नव्हती. गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर स्पीकरची भिंत उभी करायची असो, लग्नाच्या हॉलला आवाज बसवायचा असो, नाहीतर एखाद्या हौशी माणसाला जीपच्या मागच्या सीटखाली खर्जाचा मोठा स्पीकर, वूफर, हवा असो, लोक विचारत विचारत त्याच्याकडं यायचे. बिघडलेला स्पीकर नुसता लांबून ऐकून, आतली कॉइल घासतेय की पुढचा कागदी पडदा, म्हणजे कोन, फाटलाय, हे तो सांगायचा. अशी त्याची ख्याती होती आणि ती खरी होती. निदान नव्वद सालानंतरची सात-आठ वर्षं तरी खरी होती.

पुढं डॉल्बीचे दिवस आले. दरवर्षी मल्लेश त्या भिंतींच्या मागं उभा राहून हात वर करून पोरांना नाचवत राहिला, आणि हळूहळू त्याचे कान गेले. आधी बायकोच्या पैंजणांचा आवाज गेला. मग शेजारच्या घरचा कुकर शिट्टी द्यायचा बंद झाला. मग माणसांच्या बोलण्यातली धार गेली. आवाज यायचा, पण शब्द यायचे नाहीत. स, श, ठ ही अक्षरं कुणीतरी पुसून टाकल्यासारखी गायब व्हायची आणि उरलेल्या भागावरून अंदाज बांधावा लागायचा. शिल्लक राहिला तो फक्त खालचा घुमणारा आवाज, बेस. तो कानातून नाही आला तरी छातीतून यायचा, तळपायातून यायचा.

हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. गिऱ्हाईक आलं की तो पॉलिशचं मशीन चालूच ठेवायचा, म्हणजे समोरचा आपोआप मोठ्यानं बोलायचा. समोरच्याच्या ओठांवर नजर ठेवायची, इतर लोक हसले की हसायचं, आणि काहीच कळलं नाही तर "बघू की" म्हणायचं. स्पीकर तपासताना तो आता कोनला बोटांची टोकं लावायचा. लोकांना वाटायचं, ही त्याची नवीन पद्धत असेल.

त्याला भीती होती ती वेगळीच. त्याचा बाप नागाप्पा गडहिंग्लजकडच्या एका गावात किराणा दुकान चालवायचा आणि त्याला ऐकू कमी यायचं. कन्नडमध्ये बहिऱ्याला किवुड म्हणतात. गावात पोरं त्याला 'किवडा नागाप्पा' म्हणायची, मागं उभं राहून काहीबाही बोलायची आणि तो वळला की गप्प व्हायची. मोठी माणसंही त्याच्याशी बोलताना ओरडायची आणि मग एकमेकांकडं बघून हसायची. एकदा नागाप्पा शाळेत आला होता. गुरुजी ओरडून बोलले, सगळा वर्ग हसला. बाकावर शेजारी बसलेल्या मुलानं विचारलं, कोण रे हे? मल्लेश म्हणाला होता, आमच्या गल्लीतले आहेत.

दोन हजार चार सालच्या दिवाळीनंतर सयाजी त्याच्याकडं आला. मलकापूरच्या पुढं, रत्नागिरीच्या रस्त्यावर त्याचं हॉटेल होतं, घरची दूध डेअरी होती, आणि आता त्यानं मालवणकडून एक जुनी फायबरची मोटारबोट आणली होती. शाहूवाडीच्या डोंगरात एका धरणाचं पाणी मागं पसरलं होतं, तिथं पर्यटकांना फिरवायचा त्याचा विचार होता. परवानगीचं काम झालं होतं. आता बोटीवर गाणी पाहिजे होती.

"पावणं, बेस असा पायजे की काठावरची म्हसरं माना वर करून बगितली पायजेत," सयाजी म्हणाला. तो मूळचाच मोठ्यानं बोलणारा होता, त्यामुळं मल्लेशला तो लगेच आवडला.

मल्लेशनं त्याला चहा पाजला आणि समजावून सांगितलं. खोलीत स्पीकर लावला की भिंती बेस धरून ठेवतात. गाडीत तर काचा बंद केल्या की बारका वूफरही अंग हलवतो. पाण्यावर भिंत नाही, छत नाही. आवाज निघाला की निघाला, परत येत नाही. म्हणून बोटीला वूफर दमदार लागतो. पण बोटीला वजन चालत नाही आणि ओल सगळीकडं शिरते. कागदी कोन दमट हवेत फुगतो, मऊ पडतो. कोनच्या कडेला फोम असला तर तो वर्ष-दोन वर्षांत कुजतो. प्लास्टिकचा कोन आणि रबराची कड पाहिजे. पेटी पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायची, आतून रंग मारलेली, सगळे सांधे पक्के भरलेले.

"पेटीबी दोन तऱ्हेची आसती," तो म्हणाला. "एक बंद पेटी. बारकी, वजनाला हलकी. बेस कमी देती, पण स्वच्छ देती. दुसरी भोकाची. पुढनं एक नळकांडं काढायचं, वूफर मागनं जी हवा ढकलतोय ती त्यातनं भायर येती. आवाज दुप्पट वाटतोय, पण पेटी मोठी लागती."

वर्कशॉपमध्ये दोन्ही तयार होतं. त्यानं आधी बारा इंची वूफर बंद पेटीतून वाजवला, मग अठरा इंची, भोकाच्या पेटीतून. दुसरी पेटी गुडघ्याच्या वर येत होती आणि एकट्याला उचलत नव्हती. तो वूफर मुळात मिरवणुकीच्या कामाचा होता, कागदी कोनचा.

सयाजीनं दोन्ही परत एकदा वाजवायला लावले. मग डोकं खाजवत म्हणाला, "आवो, ह्यो बारकाच बरा वाटतोय की. गाण्यातलं शब्द कळत्यात. त्या मोठ्यात नुसतं गुरगुरतंय."

मल्लेशनं नजर पेट्यांकडं वळवली. गाण्यातले शब्द त्याला कुठल्याच पेटीतून कळत नव्हते. बारा इंचीतून त्याला जवळजवळ काहीच आलं नव्हतं, लांब कुणीतरी उशी बडवत असल्यासारखं वाटलं होतं. अठरा इंची लागला तेव्हा मात्र त्याचं छातीचं हाड थरथरलं होतं आणि क्षणभर तो पूर्वीचा मल्लेश झाला होता.

"हितं खोलीत तसं वाटतंय," तो म्हणाला. "पाण्यावर गेल्यावर बारक्याचं काय उरत न्हाय. मी एवढी वर्सं ह्येच करतोय."

"मग तुमी म्हणता तसं," सयाजी लगेच म्हणाला. "कान तुमचा."

रात्री मल्लेश जेवत होता. बायको पवित्रा समोर बसून बोलत होती. तिला त्याच्या कानांचं माहीत होतं. कुणी सांगितलं नव्हतं, पण ज्या नवऱ्याला पाठीमागून हाक मारून उपयोग होत नाही, त्याचं बायकोला कळतंच. ती मान खाली घालून कधीच बोलत नसे. त्यानं ते ओळखलं होतं आणि दोघांनी त्यावर कधी शब्द काढला नव्हता.

त्या दिवशी मात्र तिनं कानडीत 'अहो' म्हणतात तशी हाक मारली, "री, राजारामपुरीत कानाचे डॉक्टर हायत. एकदा दाखवून येऊया की."

"कुणाला काय झालंय?" मल्लेश म्हणाला आणि हात धुवायला उठला.

माप घ्यायला तो धरणावर गेला तेव्हा सयाजी हॉटेलवर अडकला होता. बोटीवर आकाराम होता. धरणात जाळी टाकून मासे धरणारा हा माणूस, पन्नाशीचा, दाट मिशांचा. पाण्याची माहिती आहे म्हणून सयाजीनं त्याला बोट चालवायला ठेवलं होतं. तो इंजिन चालू ठेवून काहीतरी तपासत होता. मल्लेशनं टेप काढला आणि मागच्या बाकाखालची जागा मोजायला सुरुवात केली. पेटी तिथंच बसणार होती, वर गादी टाकली की तिचाच बाक होणार होता.

आकाराम जवळ येऊन वाकला, तळातल्या फळीवर बोट ठेवून काहीतरी बोलला. तोंडात तंबाखू, वर मिशा, खाली घातलेली मान आणि मागं इंजिन. मल्लेशला ऐकू आलं ते असं: हितली फळी अडलीय बगा.

म्हणजे फळी घट्ट बसलीय, निघत नाही. मल्लेशला ती काढायची नव्हती.

"आसू दे," तो म्हणाला. "आपल्याला काय करायचंय?"

आकाराम जरा वेळ त्याच्याकडं बघत राहिला. मग परत काहीतरी बोलला, त्यात 'वजन' एवढा शब्द कळला. मल्लेश हसला, मान डोलावली आणि म्हणाला, "बघू की."

आकारामनं खांदे उडवले आणि तो परत इंजिनाकडं गेला.

पेटी मल्लेशनं जीव लावून केली. मरीन प्लाय कापला, कोपऱ्यात आडव्या पट्ट्या टाकल्या, सांधे भरले, आतून रंगाचे हात दिले. कागदी कोनला ओल लागू नये म्हणून त्यावर वॉर्निश मारलं. हे खरं तर बरोबर नव्हतं. वॉर्निशनं कोन जड होतो आणि आवाज मंद होतो, हे तो दुसऱ्या कुणी केलं असतं तर लगेच बोलला असता. पण अठरा इंची बसवायचाच असं एकदा ठरल्यावर प्रत्येक अडचणीला तो असंच काहीतरी करून पुढं जात राहिला. पेटी टेम्पोत चढवायला चार माणसं लागली.

उद्घाटन रविवारी सकाळी होतं. सयाजीची आई तानाबाई नवं लुगडं नेसून आली होती. तिनं बोटीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि मग सयाजीनं हाताला धरून तिला मधल्या बाकावर बसवलं. सयाजीचे दोन पाहुणे होते. आकाराम मागं इंजिनाचा दांडा धरून बसला, त्याच्या पायाजवळच ती पेटी. मल्लेश पुढच्या टोकाला, अॅम्प्लिफायरजवळ.

बोट काठापासून लांब गेली आणि मल्लेशनं गाणं लावलं. पहिल्या ठोक्याला सगळी बोट थरारली. पायाखालून ती लहर वर आली, पोटऱ्यांतून, मांड्यांतून, छातीत. काठावरची म्हसरं खरोखरच माना वर करून बघायला लागली आणि सयाजीनं मागून मल्लेशच्या पाठीवर थाप मारली. मल्लेशला फार बरं वाटलं. त्यानं डोंगराकडं तोंड करून डोळे मिटले.

थोड्या वेळानं त्यानं वळून पाहिलं. मागं आकाराम अर्धवट उठून उभा होता. तोंड उघडं, एक हात खालीवर हलवत होता. मिरवणुकीत पोरं असाच हात करायची. अजून वाढव, अण्णा, अजून.

मल्लेश हसला. त्यानं अंगठा दाखवला आणि बटण पूर्ण फिरवलं.

पुढचं सगळं त्यानं बघितलं, पण ऐकलं नाही. पाहुण्यांचे चेहरे बदलले. तानाबाईनं पाय वर घेतले आणि तिचं लुगडं ओलं दिसलं. पेटी एका बाजूला कलली होती. तिच्याखालची फळी आत गेली होती आणि पेटीचा कोपरा सरळ बोटीच्या तळावर बसून, प्रत्येक ठोक्याला तळ कुटत होता. फायबरला चीर गेली होती आणि पाणी आत येत होतं.

आकारामनं वायरी उपटल्या. त्यानं, सयाजीनं आणि दोन्ही पाहुण्यांनी मिळून ती पेटी उचलून पाण्यात ढकलली. ढकलताना ती घसरली आणि आकारामची दोन बोटं पेटी आणि बोटीच्या कडेमध्ये सापडली. तशाच हातानं त्यानं इंजिनाचा दांडा धरला आणि बोट काठाकडं फिरवली. उथळ पाण्यात येईपर्यंत मधला बाक बुडाला होता. तानाबाईला सयाजीनं आणि एका पाहुण्यानं उचलून बाहेर आणलं. ती सारखा पदर सावरत होती.

काठावर आल्यावर सयाजी आकारामवर धावून गेला.

"बोट तुझ्या ताब्यात हुती. फळीत दम न्हाय ह्ये तुला कळू नये? माझी आई मेली आसती."

"मला ठावं हुतं," आकाराम म्हणाला. त्यानं बोटांभोवती टॉवेल गुंडाळला होता आणि तो लाल होत चालला होता. "म्हणून तर अण्णास्नी सांगितलंतं. माप घ्याला आलते तवा."

सयाजी मल्लेशकडं वळला. "तुमाला सांगितलंतं ह्यानं?"

"मला काय बोलला न्हाय," मल्लेश म्हणाला. तेव्हा तरी त्याला ते खरं वाटत होतं.

आकाराम दोन पावलं पुढं आला. आता तो समोर होता, तोंडात तंबाखू नव्हता आणि तो ओरडत होता, त्यामुळं ओठ स्वच्छ दिसले. "सडलीय म्हणून सांगितलं की. फळी सडलीय, वजन नको म्हटलं. तुमी म्हणालासा, आसू दे."

सडलीय.

मल्लेशला सगळं एका झटक्यात कळलं. अडलीय नव्हे. त्याच्या कानानं नेहमीप्रमाणं पहिलं अक्षर खाल्लं होतं. हेही कळलं की बोटीवर हा माणूस हात हलवत होता तो वाढवा म्हणून नाही. आता तोंड उघडायची वेळ होती. सयाजी त्याच्याकडं बघत होता, तानाबाई बघत होती, पाहुणे बघत होते. एकच वाक्य बोलायचं होतं.

मल्लेश खाली वाकला आणि पँटचे पाय पिळायला लागला.

"एवढा मोठा माणूस," सयाजी आकारामला म्हणाला, "फळी सडलीय म्हटल्यावर आसू दे म्हणंल व्हय? जा तू. उद्यापासनं यीऊ नगंस."

आकाराम गेला. जाताना त्यानं मल्लेशकडं पाहिलं. त्याच्या नजरेत राग असता तर मल्लेशला सोसलं असतं. तो नुसता नवल केल्यासारखा बघत होता.

घरी येऊन मल्लेश सांगू शकला नाही. पेटी बुडाली एवढं तो बोलला. पण जेवण उतरेना. वर्कशॉपमध्ये बसला की त्याला तो टॉवेल दिसायचा. कुणी ओळखीचं भेटलं, "काय अण्णा, बोटीचं काय झालं?" म्हणालं, की तो "त्यांच्या माणसाची चूक," असं म्हणायला तोंड उघडायचा आणि मध्येच गप्प बसायचा. एकदा मात्र ते वाक्य पूर्ण बाहेर पडलं. मुरगूडच्या एका मंडपवाल्याशी बोलताना. त्या दिवशी तो दुपारीच वर्कशॉप बंद करून घरी आला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

पवित्रा भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं, तव्याखालचा गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनीच त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

त्यानं सगळं सांगितलं. फळीचं, बटणाचं, काठावरचं. सांगताना तो तिच्याकडं बघत नव्हता.

"वर बगा," ती म्हणाली. "न्हायतर मी काय म्हणतीय ते कळायचं न्हाय तुमाला."

त्यानं वर पाहिलं.

"ऐकू आलं न्हाय ह्यात तुमची चूक न्हाय," ती म्हणाली. "पर त्या माणसाची भाकरी गेली. तेवढी तुमची चूक हाय."

दुसऱ्या दिवशी तो एकटाच एसटीनं गेला. आधी सयाजीच्या हॉटेलवर जावं असं त्याला वाटत होतं, कारण सयाजी ओळखीचा होता. पण पाय धरणाकडच्या वस्तीकडं वळले. आकाराम अंगणात बसून एका हातानं जाळं सोडवत होता. दोन बोटांना जाड पट्टी होती. त्याची बायको झुंबरबाई दारात आली, तिनं मल्लेशला बसायला पोतं टाकलं आणि पाणी आणून दिलं. त्या पाण्याच्या तांब्यानं त्याला जास्तच लाज वाटली.

"आकाराम," तो म्हणाला, "मला ऐकू येत न्हाय."

आकाराम काहीतरी म्हणाला.

"माज्याकडं बगून बोला. मला खरंच कमी ऐकू येतंय. लय वर्सं झाली. तुमी सडलीय म्हटलासा, मी अडलीय ऐकलं. बोटीवर तुमी हात केलासा, मला वाटलं वाढवा म्हणताय."

आकारामनं जाळं खाली ठेवलं.

"मग त्या दिशी का बोलला न्हाईसा?"

"लाज वाटली."

"कशाची? भैरं हाय ह्याची?"

"व्हय."

"आणि मी खोटा ठरलो त्याची न्हाय वाटली?"

मल्लेशनं हातातला तांब्या खाली ठेवला. झुंबरबाई दारातून म्हणाली, "गावात सगळी म्हणत्यात, ह्यांनी बोट बुडवली. माजा दीरबी म्हणतोय."

"मला हितं सांगून काय उपेग न्हाय," आकाराम म्हणाला. तो रागावला नव्हता, हिशेब सांगावा तसं सांगत होता. "ज्येच्यापुढं मला खोटं पाडलं त्येला सांगा. माणसं आसताना."

ते दोघं चालत हॉटेलवर गेले. दुपारची वेळ होती, रत्नागिरीकडं जाणाऱ्या दोन गाड्या थांबल्या होत्या, गावातले नेहमीचे लोक वडा खात बसले होते. सयाजी गल्ल्यावर होता. आकारामला बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. मल्लेश उभ्यानंच बोलायला लागला. आपला आवाज किती मोठा निघतोय ते त्याला कळत नव्हतं. सगळ्या हॉटेलला ऐकू गेलं असावं, कारण बाकांवरची तोंडं एकेक करून वळली.

सयाजी आधी हसला. त्याला वाटलं मल्लेश आकारामला वाचवायला काहीतरी रचून सांगतोय. मग मल्लेश परत बोलला, तेव्हा त्याचं हसू गेलं.

"म्हणजे मी बारका वूफर म्हणत हुतो तवा," तो सावकाश म्हणाला, "तुमाला त्यातलं काय ऐकूच येत नव्हतं?"

"न्हाय."

"आणि मी म्हणालो, कान तुमचा."

मल्लेशनं मान डोलावली.

कोपऱ्यातल्या बाकावरून कुणीतरी काहीतरी बोललं आणि तिथली माणसं हसली. काय बोललं ते मल्लेशला कळलं नाही. पण ते हसू त्याच्या ओळखीचं होतं. त्यानं लहानपणी ते खूप पाहिलं होतं. त्याचा चेहरा तापला, मानेपर्यंत तापला, आणि निघून जावं असं वाटत असताना तो उभा राहिला, कारण आकाराम अजून दारात उभा होता.

सयाजी गल्ल्यावरून उठला. आकारामजवळ जाऊन म्हणाला, "हात कसा हाय?" आणि उत्तराची वाट न बघता, "उद्या बोटीचा तळ करायला मालवणचा माणूस यील. तू पायजेस तितं."

"माजी बोटं बरी व्हऊ द्यात," आकाराम म्हणाला. "मग बगतो." त्यानं लगेच हो म्हटलं नाही, आणि सयाजीनंही आग्रह केला नाही. आकाराम पंधरवड्यानं कामावर गेला.

बोटीचं काम सयाजीनं मल्लेशकडून काढून घेतलं नाही. कदाचित दुसरा माणूस लवकर मिळाला नसेल. या वेळी बारा इंची वूफर गेला, प्लास्टिकच्या कोनचा, बंद पेटीत, आणि पेटी मागं न बसवता मधल्या बाकाखाली, जिथं तळ मजबूत होता. जागा आकारामनं दाखवली. वाजवून बघायच्या दिवशी मल्लेशनं पेटीवर तळहात ठेवला आणि आकारामला विचारलं, कसं येतंय? आकाराम पुढच्या टोकाला जाऊन बसला, मग मागं आला, मग काठावर उतरून लांब चालत गेला आणि तिथून हातानं खूण केली. परत येऊन तो म्हणाला, "बाईचा आवाज नाकातनं आल्यागत वाटतोय." मल्लेशनं एक बटण जरासं फिरवलं. "आता बरा," आकाराम म्हणाला. तानाबाई मात्र त्या बोटीत परत कधी बसली नाही.

बातमी कोल्हापुरात यायला वेळ लागला नाही. पुढच्या वर्षीच्या गणपतीला त्याची नेहमीची दोन मंडळं दुसरीकडं गेली. कुणी तोंडावर काही बोललं नाही. वर्कशॉपसमोरून जाताना एखादा पोरगा मुद्दाम हळू आवाजात हाक मारायचा आणि मल्लेशनं वळून बघितलं नाही की मित्राला कोपर मारायचा. मल्लेशला ते समोरच्या दुकानाच्या काचेत दिसायचं.

राजारामपुरीच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांना यंत्रं दिली. पहिल्या दिवशी पवित्राच्या बांगड्यांचा आवाज डोक्यात खिळे ठोकल्यासारखा आला आणि त्यानं यंत्रं काढून ठेवली. मग सवय होत गेली. पण वर्कशॉपला जाताना तो कानांवरून केस पुढं ओढायचा, आणि केस कापायचे म्हणून पवित्रा महिनाभर मागं लागली होती.

अखेर एका शनिवारी त्यानं केस कापले. सोमवारी बिद्रीकडचा एक माणूस आला. साखर कारखान्यात नोकरीला होता, नवी जीप घेतली होती, मागं वूफर हवा होता. मल्लेशनं पॉलिशचं मशीन बंद केलं. माणूस जीपच्या मागच्या दाराकडं तोंड करून बोलत होता.

"मला ऐकू कमी येतं," मल्लेश म्हणाला. "माज्याकडं बगून बोला."

माणूस वळला. त्याची नजर मल्लेशच्या कानाकडं गेली, मग झटकन दुसरीकडं. मग तो ओरडून बोलायला लागला, एकेक शब्द तोडून, हातवारे करत. शेजारच्या गॅरेजमधली माणसं हातातली कामं थांबवून बघायला लागली. मल्लेशचे कान गरम झाले आणि यंत्रात तो आवाज करकरत राहिला. त्यानं टेप काढला, जीपच्या मागच्या सीटखाली वाकला आणि म्हणाला, "एवढं वरडायला नको. सावकाश बोला. बेस किती पायजे तुमाला?"

माणूस परत ओरडूनच बोलला. मल्लेशनं माप घेतलं आणि हातानं सीटखालची फळी दाबून बघितली.